एक्स-रे, सीटी, एमआरआय की न्यूक्लिअर मेडिसिन? वाचकांचे प्रश्न, तज्ज्ञांची उत्तरे

निकालांचा हंगाम आला की मेडिकल इमेजिंगबद्दलची पत्रं वाढतात. यंदा आलेल्यांपैकी आठ इथे घेतली आहेत. उत्तरं रेडिओलॉजिस्ट, वरिष्ठ तंत्रज्ञ आणि वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञ यांनी मिळून दिली आहेत. बहुतेक पत्रांत ‘कोणत्या मशीनला स्कोप आहे’ असं विचारलंय. आमचं म्हणणं असं की आधी दोन गोष्टी पाहा: त्या मशीनपाशी उभं राहायची परवानगी कायदा कोणाला देतो, आणि तिथे दिवसभर नेमकं काय करावं लागतं.

बारावी सायन्सला 71 टक्के मिळाले. नीटमध्ये एमबीबीएसपुरते गुण नाहीत. ओळखीचे एक काका म्हणतात, एक वर्षाचा सोनोग्राफी टेक्निशियनचा कोर्स कर, रेडिएशनची भीती नाही आणि सेंटर तर गल्लोगल्ली आहेत. करू का? (विद्यार्थिनी, कराड)

नको करूस. अमेरिकेत सोनोग्राफर हा स्वतंत्र पेशा आहे, तिथे प्रोब फिरवणारी व्यक्ती बहुधा डॉक्टर नसते. त्याच नावाचे कोर्स इथे विकले जातात, पण इथे त्यांच्या शेवटी ते काम नसतं. आपल्याकडे 1994 चा गर्भधारणापूर्व व प्रसवपूर्व निदानतंत्र कायदा आहे, ज्याला सगळे पीसीपीएनडीटी म्हणतात. त्यानुसार सोनोग्राफी केंद्राची आणि मशीनची नोंद समुचित प्राधिकाऱ्याकडे करावी लागते आणि ते मशीन कोण वापरणार, त्या डॉक्टरांची नावंही तिथेच नोंदवली जातात. रेडिओलॉजिस्ट, स्त्रीरोगतज्ज्ञ किंवा ठरवून दिलेलं सहा महिन्यांचं प्रशिक्षण घेतलेले एमबीबीएस डॉक्टर, अशांनाच ती मुभा आहे. कायदा मोडला तर पहिल्याच गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, आणि कलमात केंद्राच्या मालकासोबत तिथे नोकरी करणाराही येतो. टेक्निशियनचा कोर्स केलेल्या मुलीला सेंटरवर मिळणारं काम म्हणजे पेशंटची नोंद, फॉर्म एफ (गरोदर बाईच्या सोनोग्राफीची कायद्याने लागणारी नोंद) भरायला मदत, रजिस्टर आणि पेशंटची तयारी. काम प्रामाणिक आहे, पण त्यासाठी वर्षभराची फी कशाला भरायची?

तुझ्यासाठी खरी वाट रेडिओग्राफी आणि इमेजिंग टेक्नॉलॉजीची. नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचा बीपीएमटी (बॅचलर ऑफ पॅरामेडिकल टेक्नॉलॉजी) हा पदवी अभ्यासक्रम आहे. त्यात रेडिओग्राफीची शाखा घेता येते. अभिमत विद्यापीठांत बीएससी मेडिकल इमेजिंग अशा नावाची पदवी असते. डिप्लोमाही आहेत. घरची परिस्थिती चार वर्षं थांबण्यासारखी असेल तर पदवीच घे. 2021 मध्ये संलग्न आरोग्य व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा आला, आणि त्यानंतर सगळ्या व्यवस्थेचा कल पदवी आणि नोंदणी याकडे आहे. पुढे एमएससी, शिकवण्याची नोकरी, परदेश, यांतलं काहीही करायचं म्हटलं तर डिप्लोमा मध्येच अडतो. प्रवेशाचे नियम मात्र त्या वर्षाच्या माहितीपत्रकातच वाच. मागच्या वर्षी कोणाला कसा प्रवेश मिळाला यावर जाऊ नकोस.

कॉलेज निवडताना इमारत बघू नकोस. स्वतःचं हॉस्पिटल आहे का, ते विचार. असेल तर रोज किती एक्स-रे होतात, सीटी आणि एमआरआय तिथेच आहेत की बाहेरच्या सेंटरशी फक्त कागदोपत्री करार आहे? शेवटच्या वर्षाच्या मुलांना गाठून विचार, की चेस्ट पीए (छातीचा, किरण पाठीकडून सोडून), कमरेचा लॅटरल (बाजूने) आणि पोर्टेबल (यंत्र खाटेपाशी नेऊन) स्वतःच्या हाताने किती काढले. उत्तर देताना मुलं चाचरली तर फॉर्म भरू नकोस. अणुऊर्जा नियामक मंडळाच्या नियमाप्रमाणे एक्स-रे चालवणाऱ्याकडे बारावी सायन्स आणि मान्यताप्राप्त संस्थेतलं, प्रत्यक्ष कामासह केलेलं रेडिओग्राफीचं शिक्षण लागतं. घरबसल्या केलेला पत्रद्वारा डिप्लोमा तिथे उभा राहत नाही, आणि हे बहुतेकांना नोकरीच्या वेळी कागद तपासले जातात तेव्हा कळतं.

मुलीला रेडिओग्राफीला प्रवेश मिळतोय. घरात सासूबाईंपासून सगळे म्हणतात, पुढे लग्न, मूलबाळ, त्यात रेडिएशन नको. किती धोका आहे, स्पष्ट सांगाल का? (आई, जालना)

ताई, काळजी रास्त आहे, म्हणून आकड्यांतच सांगतो. भारतात रेडिएशनमध्ये काम करणाऱ्यासाठी मर्यादा आहे सलग पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला 20 मिलिसिव्हर्ट (किरणांच्या डोसचं एकक), आणि कोणत्याही एका वर्षात 30 च्या वर नाही. आपण जमिनीतून, हवेतून, अन्नातून जे नैसर्गिक रेडिएशन घेतो त्याची जागतिक सरासरी वर्षाला सुमारे 2.4 आहे. साध्या एक्स-रे विभागात नीट काम करणाऱ्या तंत्रज्ञाचा डोस 20 च्या आसपासही जात नाही, कारण एक्सपोजर देताना तो शिशाच्या काचेमागे उभा असतो. बटण सोडलं की किरण थांबतात. खोलीत ते साचून राहत नाहीत, भिंतींना चिकटत नाहीत, कपड्यांबरोबर घरी येत नाहीत. दिवस गेल्यावर मुलीने ते लगेच विभागप्रमुखांना लेखी कळवायचं. त्या दिवसापासून बाळासाठी वेगळी मर्यादा लागू होते, उरलेल्या काळात 1 मिलिसिव्हर्ट. त्या काळात तिला सी-आर्म (ऑपरेशनच्या वेळी वापरायचं एक्स-रे यंत्र) आणि पोर्टेबलवरून काढून सीटीच्या कन्सोलवर किंवा रिपोर्टिंगच्या कामावर ठेवतात.

डोस मोजायला टीएलडी बॅज असतो. त्यात कॅल्शियम सल्फेटच्या तीन चकत्या असतात आणि तिमाहीला तो मोजणीसाठी जातो. बॅज छातीवर, लेड एप्रनच्या आत लावायचा. चुका इथेच होतात. कोणी तो एप्रनलाच अडकवून ठेवतं आणि एप्रन एक्स-रे रूममध्ये टांगलेला राहतो. मग तिमाहीचा आकडा फुगतो, चौकशी लागते, आणि खरा डोस किती होता ते कधीच कळत नाही. कोणी मैत्रिणीचा बॅज लावतं. कोणाचा स्वतःचा एक्स-रे निघतो तेव्हा बॅज अंगावरच राहतो. काहीजण आकडा वाढेल या भीतीने सी-आर्मच्या वेळी बॅज लावतच नाहीत, ही सगळ्यांत वाईट सवय. ड्यूटी संपली की बॅज किरणांपासून लांबच्या ठरलेल्या जागी, तुलनेसाठी ठेवलेल्या कंट्रोल बॅजशेजारी ठेवायचा.

जपायचं ते ऑपरेशन थिएटरमध्ये. सी-आर्ममध्ये किरण पेशंटच्या अंगावर आदळून विखुरतात आणि ट्यूबच्या बाजूला सर्वांत जास्त विखुरतात. म्हणून ट्यूब टेबलाखाली ठेवायची. पेशंटपासून एक मीटरवरून दोन मीटरवर गेलं तर डोस चौथाईवर येतो, एवढी एक पायरी मागे सरकण्याची किंमत आहे. एप्रन 0.5 मिमी शिशाइतका हवा आणि तो हँगरलाच टांगायला हवा. घडी घालून खुर्चीवर टाकलेल्या एप्रनमध्ये घडीवर भेगा पडतात. बाहेरून काही दिसत नाही, एप्रनचाच एक्स-रे काढला की पांढऱ्या पटलावर काळ्या रेषा दिसतात. मुलीला पहिल्या दिवशी एवढंच विचारायला सांगा, की इथले एप्रन शेवटचे कधी तपासले. ज्या विभागात याचं उत्तर तारखेसकट मिळतं, तिथे तिला निर्धास्त पाठवा.

डिप्लोमा करून चार वर्षं एक्स-रे आणि पोर्टेबलवर आहे. हॉस्पिटल म्हणतंय सीटी किंवा एमआरआय यांपैकी एकाचं ट्रेनिंग घ्या. एमआरआयला मान जास्त असं ऐकतो. काय घेऊ? (तंत्रज्ञ, नाशिक)

मान दोन्हींना आहे. तुमचा स्वभाव बघा, कारण ही दोन कामं शेजारच्या खोल्यांत चालत असली तरी फार वेगळी आहेत.

सीटीमध्ये वेग लागतो. स्कॅन काही सेकंदांचा, पेशंट टेबलावर पाच-दहा मिनिटं. अपघात, पक्षाघात, पोटदुखी सगळं रात्री-बेरात्री येतं आणि आधी सीटीलाच येतं. खरं कौशल्य कॉन्ट्रास्ट आणि वेळ यांच्या जुळणीत आहे. अँजिओला, म्हणजे रक्तवाहिन्यांच्या सीटीला, सेकंदाला 4 ते 5 मिलि आयोडिनचं औषध जावं लागतं. त्यासाठी कोपराच्या घडीतल्या शिरेत हिरवा 18 नंबरचा कॅन्युला हवा, निदान गुलाबी 20 नंबरचा. वॉर्डातून पेशंट हाताच्या पंजावर निळा 22 नंबर घेऊन येतो, आणि ‘चालवून घ्या’ असा फोनही येतो. चालवून घेतलं की औषध शिरेबाहेर जातं, हात टरारून सुजतो. म्हणून आधी सलाइनचा जोरात फ्लश देऊन बोटाने शिरेवर चाचपायचं. बोलस ट्रॅकिंगमध्ये, म्हणजे औषध पोचतंय का ते बघत, महाधमनीत खूण ठेवून 100 ते 150 हाउन्सफिल्डला (सीटीवरच्या उजळपणाचं एकक) स्कॅन सुटतो. खूण धमनीच्या भिंतीवरच्या कॅल्शियमवर पडली तर औषध पोचण्याआधीच स्कॅन सुटून जातो. फुप्फुसाच्या अँजिओत पेशंटने फार खोल श्वास घेतला तर खालच्या महाशिरेतून विनाऔषधाचं रक्त जोरात येतं आणि ऐन वेळी धमनी फिकी दिसते. तिथे ‘साधा श्वास घेऊन थांबा’ एवढंच सांगायचं. मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन, मधुमेहाच्या मेटफॉर्मिनच्या गोळ्या, पूर्वी कधी औषधाने पुरळ आलं होतं का, हे टेबलावर घेण्याआधी विचारून लिहून ठेवायचं. ॲलर्जीच्या झटक्यावरचं ॲड्रिनॅलिन कुठल्या कप्प्यात आहे ते अंधारात सापडलं पाहिजे.

एमआरआयमध्ये धीर लागतो. एका पेशंटला 20 ते 45 मिनिटं. आयनीभवन करणारं रेडिएशन नाही, पण चुंबक 24 तास चालू असतो. लाइट गेली तरी, मशीन बंद केलं तरी. द्रवरूप हेलियममध्ये उणे 269 अंशाला थंड ठेवलेल्या गुंडाळीतला प्रवाह थांबत नाही. 2018 च्या जानेवारीत मुंबईतल्या एका मोठ्या रुग्णालयात ऑक्सिजनचा सिलिंडर घेऊन एमआरआयच्या खोलीत गेलेल्या नातेवाइकाचा जीव गेला, हे तुमच्या वाचण्यात आलं असेल. मशीन बंद आहे असं समजून माणसं आत जातात. दारावरचा माणूस, म्हणजे तुम्ही, हाच तिथला सुरक्षेचा खरा उपाय आहे.

दारावर काय बघायचं? फॉर्मवर ‘धातू नाही’ अशी सही असते आणि परकराच्या नाडीजवळ सेफ्टी पिन असते. मंगळसूत्र, जोडवी, केसातल्या पिना, कानातलं यंत्र, कमरेचा करदोडा, त्यात ओवलेली किल्ली. सोनं चुंबकाला ओढलं जात नाही, पण तापू शकतं आणि चित्रावर काळा डाग पाडतं. जरीच्या काठात धातूचा तार असतो, म्हणून साडी बदलून गाऊन द्यायचाच, आजीबाई कितीही संकोचल्या तरी. वेल्डिंग किंवा लेथवर काम केलंय का, डोळ्यात कधी कचरा गेला होता का, हे पुरुषांना मुद्दाम विचारायचं. डोळ्यात राहिलेली लोखंडाची बारीक किसही सरकू शकते. पेसमेकर असेल तर त्याचं कार्ड बघून मॉडेल आणि अटी तपासल्याशिवाय आत नाही. मेंदूतल्या जुन्या क्लिपचंही तसंच. उघडा हात उघड्या मांडीला टेकला तर शरीराचंच वेटोळं तयार होतं आणि टेकल्या जागी भाजतं. मध्ये पॅड ठेवायचं, कॉइलच्या वायरीचं वेटोळं होऊ द्यायचं नाही. एमआरआयचं कॉन्ट्रास्ट औषध गॅडोलिनियम किलोला 0.1 मिलिमोल, मूत्रपिंडाची गाळण क्षमता 30 च्या खाली असेल तर रेडिओलॉजिस्टला विचारल्याशिवाय नाही. आणि पेशंटचं हृदय थांबलं तर आधी त्याला बाहेर काढायचं, मग छाती दाबायची. तातडीच्या औषधांची क्रॅश ट्रॉली आत न्यायची नाही. क्वेंचचं, म्हणजे हेलियम सोडून चुंबकच बंद करणारं, लाल बटण माणूस चुंबकाला अडकला तरच.

रात्रीचा ताण झेपत असेल, हात झटपट चालत असेल, जिल्ह्याच्या गावी राहायचं असेल तर आधी सीटी घ्या. आमचा कल त्याच बाजूला आहे. सीटी तालुक्यापर्यंत पोचलेत आणि त्यात काम केलेल्या माणसाची शरीररचनेची जाण आडव्या छेदांमध्ये पक्की होते, तीच पुढे एमआरआयला उपयोगी पडते. वर्ष-दीड वर्षाने एमआरआय मागा. ज्यांना भौतिकशास्त्राची आवड आहे, टीआर-टीई ही वेळेची सेटिंग्ज बदलल्यावर चित्र का बदललं याचा शोध घेत बसायला आवडतं आणि बंद बोगद्याला घाबरलेल्या माणसाशी शांतपणे दहा मिनिटं बोलता येतं, त्यांनी सरळ एमआरआय घ्यावं. फक्त चार वर्षांत हाताला बसलेलं एक्स-रेचं काम सोडू नका. अगदी छोट्या हॉस्पिटलातही पहिली गरज तीच असते.

बीएससी फिजिक्सच्या शेवटच्या वर्षाला आहे. न्यूक्लिअर मेडिसिन टेक्नॉलॉजिस्ट आणि मेडिकल फिजिसिस्ट यांत फरक काय, आणि काय निवडू? (विद्यार्थी, कोल्हापूर)

मेडिकल फिजिसिस्टचं काम बहुतेक ठिकाणी कॅन्सरच्या रेडिओथेरपी विभागात असतं, इमेजिंगमध्ये कमी. किरण देणारं यंत्र, लिनिअर ॲक्सलरेटर, रोज सकाळी ठरल्याएवढाच डोस देतोय का, हे पेशंट येण्याआधी तपासायचं. फरक 3 टक्क्यांच्या आत हवा. मग डॉक्टरने आखलेल्या गाठीला डोस कसा द्यायचा याचं नियोजन, आणि विभागाची रेडिएशन सुरक्षा. वाट अशी: एमएससी फिजिक्स, मग भाभा अणुसंशोधन केंद्राचा रेडिओलॉजिकल फिजिक्सचा एक वर्षाचा डिप्लोमा किंवा नियामक मंडळाने मान्य केलेला तसाच दुसरा अभ्यासक्रम, त्यानंतर हॉस्पिटलात वर्षभर इंटर्नशिप आणि मग रेडिओलॉजिकल सेफ्टी ऑफिसरची पात्रता. भाभाच्या डिप्लोमाला बीएससी आणि एमएससी दोन्हींत 60 टक्के लागतात. शेवटच्या वर्षी तुझे गुण त्याखाली घसरू देऊ नकोस, नंतर ते भरून काढता येत नाहीत.

न्यूक्लिअर मेडिसिनमध्ये किरण यंत्रातून येत नाहीत. पेशंटच्या शरीरात औषध देतात आणि पेशंटच किरण सोडतो. त्यामुळे इथली शिस्त वेगळी. दिवस सुरू होतो किरणोत्सारी औषध देणाऱ्या जनरेटरपासून. मॉलिब्डेनम 99 चा अर्धायुकाल 66 तास, त्यातून सलाइनने टेक्नेशियम 99एम काढायचं, ज्याचा अर्धायुकाल 6 तास. काढल्यावर मॉलिब्डेनम सोबत आलंय का ते तपासायचं, औषधाशी जोडल्यावर शुद्धता तपासायची. ही तपासणी गाळली आणि जोडणी अर्धवट राहिली तर हाडांच्या स्कॅनमध्ये थायरॉइड आणि जठर उजळतात. चित्र वाया, पेशंटला मिळालेला डोसही वाया.

पेट-सीटी या न्यूक्लिअर मेडिसिनच्याच स्कॅनचं फ्लोरिन 18 तर 110 मिनिटांत निम्मं होतं. असे किरणोत्सारी पदार्थ बनवणारं यंत्र म्हणजे सायक्लोट्रॉन; भारतातलं पहिलं मेडिकल सायक्लोट्रॉन मुंबईत परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये 2002 मध्ये आलं. सायक्लोट्रॉनपासून चार तासांच्या अंतरावरच्या गावी औषध न्यायचं तर पोचेपर्यंत जेमतेम 22 टक्के उरतं. म्हणून डोस जास्तीचा मागवावा लागतो, आणि घाटात गाडी अडकली तर शेवटच्या दोन पेशंटना उपाशीपोटी परत पाठवावं लागतं. टेक्नॉलॉजिस्टला हे गणित सकाळीच मांडावं लागतं: कोणाची साखर 200 च्या आत आहे, कोण सहा तास उपाशी आहे, कोणाला आधी घ्यायचं. इंजेक्शननंतर तासभर पेशंटने गप्प पडून राहायचं. बोलत बसला, च्युइंगगम चघळलं की जबड्याचे आणि स्वरयंत्राचे स्नायू उजळतात. इथे लेड एप्रन फारसा कामाचा नाही, 511 किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचे किरण निम्मे करायला शिसंच सुमारे 4 मिमी लागतं. अंतर आणि वेळ हेच संरक्षण. जे सांगायचं ते इंजेक्शनच्या आधी सांगून घ्यायचं, नंतर पेशंटपाशी रेंगाळायचं नाही. सिरिंज धरणाऱ्या हाताच्या बोटात अंगठीसारखा डोसिमीटर असतो.

परळच्या त्याच केंद्रात होमी भाभा राष्ट्रीय संस्थेचा न्यूक्लिअर मेडिसिनचा एमएससी अभ्यासक्रम चालतो. गणितात रमत असशील तर मेडिकल फिजिक्स घे. रसायन, पेशंट आणि घड्याळ ही तिन्ही सांभाळत हाताने काम करायला आवडत असेल तर न्यूक्लिअर मेडिसिन. एक व्यवहार लक्षात ठेव: न्यूक्लिअर मेडिसिनच्या जागा मोठ्या शहरांतच आहेत, कोल्हापूरलाच राहायचं असेल तर निवड फार कमी. रेडिओथेरपीची केंद्रं जिल्ह्यांत जास्त पसरली आहेत.

इंटर्नशिप चालू आहे. नीट-पीजीत गुण चांगले येतील असं वाटतं. एमडी रेडिओलॉजी सगळेच म्हणतात. न्यूक्लिअर मेडिसिनचा विचार करावा का? (डॉक्टर, नागपूर)

करावा, पण उपचार करण्याची ओढ असेल तर. न्यूक्लिअर मेडिसिनचा डॉक्टर आता फक्त रिपोर्ट देत नाही. थायरॉइडच्या कॅन्सरला आयोडिन 131, प्रोस्टेट आणि न्यूरोएंडोक्राइन गाठींना ल्युटेशियम 177, हे उपचार त्याच्या हाताने होतात आणि पेशंट महिनोन्महिने त्याच्याकडे येत राहतो. अडचण अशी, की स्वतःचं केंद्र काढणं जड आहे: गॅमा कॅमेरा किंवा पेट-सीटी, किरणोत्सारी औषधं हाताळायची हॉट लॅब, परवाने, आयोडिनच्या मोठ्या डोससाठी वेगळी खोली आणि सांडपाण्याच्या टाक्या, शिवाय औषधाचा रोजचा पुरवठा. बहुतेक जण नोकरीतच राहतात.

रेडिओलॉजीत स्वातंत्र्य जास्त. एकट्याने सोनोग्राफी सेंटर चालवता येतं, घरून टेलिरेडिओलॉजी करता येते, इंटरव्हेन्शनकडे (चित्र बघत सुई-नळीने करायच्या उपचारांकडे) वळता येतं. पण त्यासोबत पीसीपीएनडीटीची कागदपत्रंही येतात. फॉर्म एफमधली राहिलेली सही हीसुद्धा इथे किरकोळ बाब नसते. नियमांनुसार सोनोग्राफी करणाऱ्या डॉक्टरची नोंद एका जिल्ह्यात जास्तीत जास्त दोन केंद्रांवर होते, तेव्हा पाच सेंटरला व्हिजिट देण्याचा हिशेब मनात असेल तर आत्ताच काढून टाका. निवडीआधी दोन्ही विभागांत आठवडाभर बसा. संध्याकाळी साठाव्या सोनोग्राफीला तुमचं लक्ष पहिलीइतकंच राहतं का, ते बघा.

एआय आल्यावर या क्षेत्रात कोणी माणूस लागणार आहे का? (पालक, पुणे)

2016 मध्ये जेफ्री हिंटन यांनी म्हटलं होतं की पाच वर्षांत यंत्र रेडिओलॉजिस्टपेक्षा चांगलं काम करील, आता नवे रेडिओलॉजिस्ट घडवणं थांबवा. पुढे 2024 मध्ये त्यांना भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं, आणि रेडिओलॉजिस्टची गरज मात्र कायम आहे. एआय उपयोगी आहे. क्षयरोगाच्या तपासणीत छातीचे एक्स-रे वाचायला संगणक वापरावा, अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने 2021 मध्ये केली. रात्री आलेल्या डोक्याच्या सीटीत रक्तस्राव दिसला तर तो रिपोर्ट रांगेत वर आणणं, एमआरआयचा वेळ कमी करणं, हे तो करतो. पण मांडीचं हाड मोडलेल्या माणसाला न दुखवता लॅटरल काढणं, दमेकऱ्याकडून पूर्ण श्वास घेववणं, खवळलेल्या पेशंटला शांत करणं, हे हाताचंच काम. शिवाय वाकडा काढलेला एक्स-रे एआयला आणखी चुकवतो: खांद्याचं पातं फुप्फुसावर आलं की तिथे डाग दिसल्यासारखं होतं. 180 सेंमीवरून, खांदे पुढे घेऊन, दहा मागच्या बरगड्या मोजता येतील असा चेस्ट काढणारा तंत्रज्ञ आता जास्तच लागणार. ज्याला नुसतं बटण दाबता येतं, त्याने मात्र काळजी करावी.

बायोमेडिकल इंजिनिअरिंग केलंय. मशीन कंपन्यांत सर्व्हिस आणि ॲप्लिकेशन अशा दोन जागा दिसतात. कोणती घेऊ? (वाचक, छत्रपती संभाजीनगर)

ॲप्लिकेशन स्पेशालिस्टला कंपन्या बहुधा अनुभवी रेडिओग्राफरमधून घेतात, कारण त्याला तंत्रज्ञांशेजारी बसून प्रोटोकॉल शिकवायचे असतात. तुमच्यासाठी सर्व्हिस. फिरती खूप, आणि फोन नेमका रात्री येतो. एमआरआयच्या खोलीजवळ कोल्डहेडची (हेलियम थंड ठेवणाऱ्या भागाची) एकसारखी टक-टक ऐकू येते ना, ती थांबली असं तंत्रज्ञाने सांगितलं की समजा चिलर किंवा कॉम्प्रेसर बंद पडलाय आणि हेलियम उडायला लागलंय. एप्रिल-मेच्या उन्हात मराठवाड्यात हे हमखास होतं. चिलरचं पाणी आणि फिल्टर मार्चमध्येच बघून घेणारा इंजिनिअर हॉस्पिटलचे लाखो रुपये वाचवतो.

भाऊ दुबईत आहे, म्हणतो तिकडे ये. डिप्लोमा आणि सहा महिन्यांचा अनुभव आहे. इंग्लंडबद्दलही ऐकतो. (तंत्रज्ञ, रत्नागिरी)

सहा महिन्यांवर जाऊ नका. आखातात साधारण दोन वर्षांचा अनुभव मागतात आणि तोही कागदावर सिद्ध व्हावा लागतो. दुबई, अबू धाबी, सौदी यांची परवाना देणारी खाती वेगळी आहेत. एकाचा परवाना दुसरीकडे आपोआप चालत नाही. आधी पदवी-अनुभवाची मूळ संस्थेकडून पडताळणी होते, मग परीक्षा. पडताळणीत अडकतात ते अनुभवाच्या पत्रामुळे. पत्रावर रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख, पद, कोणत्या मशीनवर काम केलं ते, सहीखाली नाव आणि हुद्दा, आणि विचारणा झाल्यास उत्तर देईल असा हॉस्पिटलचा अधिकृत ईमेल हवा. छोटं नर्सिंग होम बंद पडलं की ती दोन वर्षं सिद्ध करायला कोणी उरत नाही, म्हणून पत्र नोकरी सोडतानाच घ्या, नंतर मागू म्हणून ठेवू नका.

इंग्लंडमध्ये एचसीपीसी या तिथल्या नियामक संस्थेची नोंदणी लागते. आयईएलटीएसने इंग्रजी सिद्ध करायचं तर सरासरी 7 आणि कोणत्याही भागात 6.5 च्या खाली नाही. अभ्यासक्रम पदवीच्या तोडीचा आहे का, हे तिथे विषयवार तपासतात; नुसत्या डिप्लोमावर ते जमणं अवघड. अमेरिकेत तर तिथल्या संस्थेने मान्य केलेल्या अभ्यासक्रमातूनच यावं लागतं, म्हणजे जवळपास पुन्हा शिक्षण. तुमच्यासाठी सरळ मार्ग असा: रत्नागिरीत किंवा मुंबईत सीटी असलेल्या मोठ्या हॉस्पिटलात दोन वर्षं करा, सोबत पदवीचं काही जमतंय का बघा. विद्यापीठाचं गुणपत्रक, अभ्यासक्रमाची तासिकांसह शिक्का मारलेली प्रत आणि टीएलडीच्या डोसच्या नोंदी एका फाइलमध्ये ठेवायला आजपासून लागा. सुटलेल्या नोकरीतल्या टीएलडीच्या नोंदी नंतर मिळवायला फार फेऱ्या माराव्या लागतात.